पाणाड्याचा नारळ आणि आपला तर्क : योगायोग आणि पुरावा वेगळे कसे करावेत

मार्च सरत आला आणि विहिरींनी तळ गाठला की मराठवाड्यापासून सोलापूरपर्यंतच्या रस्त्यांवर तमिळनाडूच्या क्रमांकाच्या बोअरच्या गाड्या दिसू लागतात. गाडी बांधावर येण्याआधी पुष्कळ शेतांत आणखी एक माणूस येऊन गेलेला असतो, तो म्हणजे पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून किंवा बेचक्यासारखी फांदी दोन्ही मुठींत धरून तो रानातून फिरतो. एका जागी नारळ उभा राहतो किंवा फांदी खाली झुकते, तिथे दगड ठेवला जातो आणि त्या दगडाच्या भरवशावर शेतकरी कधी पीककर्जातून, तर कधी सोने गहाण ठेवून उभे केलेले पैसे जमिनीत घालतो. खोली वाढेल तसा फुटामागचा दर वाढत जातो आणि पांढरी कोरडी भुकटी उडणे थांबून ओला चिखल बाहेर येईपर्यंत घरातल्या कोणाचाही जीव थाऱ्यावर नसतो.

या प्रसंगाचा आधार घेऊन ‘चिकित्सक विचार’ म्हणजे काय हे समजून घेण्याचा प्रयत्न इथे केला आहे. एखादे विधान मान्य करण्यापूर्वी त्यामागचा पुरावा त्या विधानाचा भार पेलतो का, हे तपासण्याची सवय म्हणजे चिकित्सक विचार. आणि पुरावा अपुरा असूनही तो पुरेसा वाटायला लावणारी युक्तिवादातली चूक म्हणजे तर्कदोष. उदाहरण म्हणून पाणाड्याच निवडला, कारण त्याला बोलावणाऱ्यांत अडाणी माणसे थोडी आणि शिकलेली पुष्कळ असतात. तर्कात चूक होते ती बुद्धी कमी असल्यामुळे नव्हे, तर एक ठरावीक प्रश्न विचारायचा राहून गेल्यामुळे, हे या उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

लागलेले पाणी काय सिद्ध करते?

“त्यानं दाखवलं तिथं दोन इंची पाणी लागलं, आता याहून वेगळा पुरावा कोणता पाहिजे?” हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. आधी पाणाड्या आला, नंतर पाणी लागले, म्हणून त्याच्यामुळे जागा अचूक सापडली, असा हा युक्तिवाद आहे. एकामागोमाग घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे मानण्याच्या या दोषाला आपल्याकडे फार जुने नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे ठरत नाही; फांदी आधीच किडलेली होती का, हे झाडावर चढूनच पाहावे लागते.

प्राचीन नैयायिकांनी, म्हणजे ‘न्याय’ या भारतीय तर्कपरंपरेतल्या विद्वानांनी, याची अधिक नेमकी मांडणी केली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांचे, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या पण कारण नसलेल्या गोष्टींचे, पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पहिलाच आहे ‘सव्यभिचार’. जी खूण सिद्ध करायची गोष्ट असताना आढळते आणि ती नसतानाही आढळते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागते आणि कोणीही न दाखवलेल्या जागीही पाणी लागते. म्हणून ‘पाणी लागणे’ ही त्याच्या शक्तीची खूण होऊ शकत नाही.

चार घरे आणि त्यांतले एकच डोळ्यांत भरणारे

कागदावर चार घरे काढावीत. पहिल्यात पाणाड्याने दाखवले आणि पाणी लागले असे बोअर. दुसऱ्यात त्याने दाखवले पण कोरडे गेले. तिसऱ्यात त्याला न विचारता घेतले आणि पाणी लागले. चौथ्यात न विचारता घेतले आणि कोरडे गेले. समजा, एखाद्या गावात त्याने दाखवलेल्या ४० बोअरपैकी २८ ना पाणी लागले आणि १२ कोरडे गेले, तर त्याला न विचारता घेतलेल्या १० पैकी ७ ना पाणी लागले आणि ३ कोरडे गेले. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) गावाच्या तोंडी काय राहील? ‘त्याने २८ ठिकाणी पाणी काढून दिले.’ प्रत्यक्षात दोन्हीकडे यशाचे प्रमाण शेकडा ७० असेच आहे आणि नारळाने त्यात तसूभरही भर घातलेली नाही. बहुतेक लोक त्यालाच बोलावतात, म्हणून यशाच्या कहाण्याही त्याच्याच नावावर जमा होतात, एवढाच याचा अर्थ.

यातली खरी अडचण अशी की चारही घरे आपल्यासमोर सारख्या ठळकपणे येत नाहीत. पाणी लागले की पेढे वाटले जातात, आजूबाजूच्या चार गावांत बातमी जाते. बोअर कोरडे गेले की माणूस गप्प बसतो, कारण झालेले नुकसान कोणाला सांगावेसे वाटत नाही. न विचारता घेतलेल्या बोअरची तर कोणी कहाणीच करत नाही. आपल्या मनातली मोजदाद बहुधा पहिल्या घरापुरतीच असते. चिकित्सक विचार शिकणे म्हणजे मुख्यतः उरलेली तीन घरे स्वतः शोधून भरायला शिकणे, असे माझे ठाम मत आहे. तर्कदोषांची लांबलचक नावे पाठ करण्यापेक्षा ही एक सवय कितीतरी मोलाची आहे.

महाराष्ट्राच्या जमिनीचा स्वभावही इथे लक्षात घेतला पाहिजे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्ट या काळ्या ज्वालामुखीजन्य खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी भूमिगत नद्यांसारखे वाहत नाही. वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात ते साठते. त्यामुळे एखाद्या शिवारात पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागण्याची शक्यता असते, आणि कठीण खडकात मात्र एकमेकांपासून शंभर फुटांवर असलेल्या दोन बोअरचे नशीब अगदी वेगळे निघू शकते. शेजाऱ्याचे कोरडे आणि आपले भरलेले, या विरोधामुळे मनावर जो ठसा उमटतो तो भूगर्भाच्या रचनेने उमटवलेला असतो. श्रेय मात्र नारळाला मिळते.

पण नारळ डोळ्यांदेखत उभा राहतो, त्याचे काय?

पाणाड्या मुद्दाम हात हलवतो असा आरोप करणे घाईचे आणि बहुतेकदा अन्यायाचे ठरेल. माणसाच्या मनात एखादी अपेक्षा असेल तर हाताच्या स्नायूंत त्याच्याही नकळत सूक्ष्म हालचाली होतात, आणि आडवा ठेवलेला नारळ किंवा ताण देऊन धरलेली बेचकी इतक्या नाजूक तोलावर असते की त्या हालचाली पुरेशा ठरतात. लंडनमध्ये १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी असाच एक प्रकार तपासला होता. त्या काळी मृतात्म्यांच्या प्रभावाने टेबल फिरते असा समज होता आणि भोवती बसलेली माणसे ‘आम्ही ढकलत नाही’ असे शपथेवर सांगत. फॅरडे यांनी हातांखाली एकमेकांवर सैलसर चिकटवलेल्या पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल आपोआप सरकत असते, तर खालचा पुठ्ठा आधी सरकला असता; प्रत्यक्षात वरचा, हाताला लागून असलेला पुठ्ठा आधी सरकल्याचे आढळले. बसलेली माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना स्वतःच्या हातांची हालचाल जाणवतच नव्हती.

म्हणून ‘तो चांगला माणूस आहे, पैसेही फारसे घेत नाही, तो कशाला फसवेल?’ हा मुद्दा खरा असूनही निरुपयोगी आहे. माणूस प्रामाणिक असणे आणि त्याचे म्हणणे बरोबर असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

म्युनिकजवळचे कोठार

पाणाड्यांची चाचणी घेणे अवघड नाही आणि ती घेतली गेलेली आहे. जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात मोठा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ एका गाड्यावर बसवून तो सरळ रेषेत कुठेही यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसा, सरकवला जाई. वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो नेमका कुठे आहे ते सांगायचे. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ पाणाड्यांच्या ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांची उत्तरे अंदाजपंचे दिलेल्या उत्तरांपेक्षा सरस नव्हती, हे प्रयोग करणाऱ्यांनाही मान्य होते. तथापि मोजक्या काही जणांत खरोखरची क्षमता दिसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष नीट वाचला पाहिजे, कारण त्यात आपला नेहमीचा दोष विद्वानांकडूनही कसा होतो ते दिसते. ४३ जणांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगितले तर एखाद-दुसऱ्याला पाचही वेळा छाप पडेल, आणि त्याच्यात छाप पाडण्याची शक्ती आहे असे आपण म्हणणार नाही. आधी सगळ्यांची चाचणी घ्यायची आणि मग उजवे ठरलेले तेवढे वेगळे काढून त्यांच्या यशाचे कौतुक करायचे, यात चार घरांपैकी पहिलेच घर पुन्हा एकदा डोळ्यांत भरते. अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी पुढे हीच आकडेवारी तपासली, तेव्हा ज्यांना एका फेरीत यश आले त्यांनाही ते पुढच्या फेऱ्यांत टिकवता आले नव्हते, असे त्यांनी दाखवून दिले.

पारावरच्या वादात काय काय होते

ही माहिती घेऊन एखादा तरुण गावात बोलायला उभा राहिला तर त्याला काय ऐकावे लागेल, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. “बाळा, तू पुण्यात नोकरी करणार, तुला शेतीतलं काय कळतं?” हे पहिले उत्तर. इथे युक्तिवाद बाजूला ठेवून तो करणाऱ्या माणसावर बोट ठेवले जाते. सांगणाऱ्याला शेतीतले कळत नसेलही, पण ४० पैकी २८ आणि १० पैकी ७ हे प्रमाण सारखेच आहे, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

दुसरे उत्तर अधिक जिव्हारी लागणारे असते: “म्हणजे आमचे आज्जे-पणजे खुळे होते, असं म्हणायचंय का तुला?” तो तसे म्हणालेलाच नसतो. समोरच्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी घालून ते खोडून काढण्याची ही पद्धत न्यायशास्त्राने ‘छल’ या नावाखाली नोंदवलेली आहे. त्याचे पारंपरिक उदाहरणही वाचनीय आहे. कोणी ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याजवळ नवी घोंगडी आहे, असे म्हटले की छल करणारा विचारतो, ‘याच्याजवळ नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते!’ बोलणाऱ्याचा आशय ठाऊक असूनही दुसराच अर्थ पुढे करून त्याचा पराभव केल्यासारखे दाखवायचे. यावर उपाय एकच: शांतपणे ‘मी असे म्हटलेले नाही, मी एवढेच म्हटले आहे’ असे सांगून मूळ विधान पुन्हा मांडणे.

त्यानंतर ‘तालुक्याचा इंजिनिअरसुद्धा त्यालाच बोलावतो’ आणि ‘सगळं गाव उगाच का त्याच्या मागे जाईल?’ ही दोन उत्तरे येतात. इंजिनिअरचा अधिकार त्याच्या विषयापुरता असतो, आणि बहुसंख्येने एखादी गोष्ट मानणे हा ती लोकप्रिय असल्याचा पुरावा आहे. शेवटी येते, ‘खोटं आहे हे तू सिद्ध करून दाखव.’ सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. ती ऐकणाऱ्यावर टाकली तर जगातला कोणताही दावा खोडता येणार नाही, कारण कोरड्या गेलेल्या प्रत्येक बोअरसाठी ‘अजून पन्नास फूट जायला हवं होतं’ किंवा ‘गाडी लावताना खूण दोन हात सरकली’ हे कारण तयारच असते. कोणत्या परिस्थितीत आपण चूक ठरू हे ज्या दाव्याने आधी सांगितलेले नसते, तो कधीही चूक ठरत नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्यावर पैसे लावू नयेत.

नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार मानले होते: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत राहणे ती वितंडा. दोष ओळखायला शिकलेला माणूस इथे हमखास घसरू शकतो. दिसेल त्याला ‘हा अमुक दोष, तो तमुक दोष’ असे ऐकवत सुटणे ही वितंडाच होय, आणि त्याने कोणाचेही मत बदलत नाही.

मग पाणाड्याला काहीच कळत नाही का?

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युक्तिवाद सदोष आहे म्हणून निष्कर्ष खोटाच आहे, असे मानणे हाही तर्कदोष आहे. वर्षानुवर्षे रान तुडवलेल्या पाणाड्याला उताराची दिशा, मुरमाचा रंग, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडे आणि जुन्या विहिरींच्या जागा ठाऊक असतात. नारळ हातात घेण्यापूर्वीच त्याच्या मनाने जागा बरीचशी हेरलेली असते. असे निरीक्षण आपल्याकडे फार जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय भूजल शोधण्यावर आहे. जांभळाच्या झाडाजवळ पूर्वेला वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेस दोन पुरुष (हात वर करून उभ्या असलेल्या माणसाएवढे माप म्हणजे एक पुरुष) खोलीवर गोड पाणी लागते, अशा प्रकारची विधाने त्यात आहेत.

हे विधान बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न झाला; परंतु त्यात झाड, दिशा, खोली आणि पाण्याची चवसुद्धा आधीच सांगितलेली असल्यामुळे खणून पाहिल्यावर ते चूक ठरू शकते. याच कारणाने मला ते नारळापेक्षा कितीतरी आदरणीय वाटते. जमिनीचे निरीक्षण आणि हातातली वस्तू या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. त्या सोडवून वेगवेगळ्या तपासल्या तर पाणाड्याच्या अनुभवाचा अपमान न करता त्यातले उपयुक्त ते ठेवता येते.

“भूवैज्ञानिकांचेही बोअर कोरडे जातातच की!”

जातात, यात शंका नाही. जमिनीत वीजप्रवाह सोडून थरांचा रोध मोजणाऱ्या सर्वेक्षणातून खाली काय असावे याचा अंदाज येतो, खात्री मिळत नाही. पण ‘दोघेही चुकतात, म्हणून दोघे सारखेच’ हा निष्कर्ष यातून निघत नाही. सर्वेक्षणामागे तपासता येण्याजोगे कारण असते, त्याचे चुकलेले अंदाज नोंदले जातात आणि पद्धत सुधारता येते. शिवाय चार घरांचा नियम त्यालाही तितकाच लागू आहे: एखाद्या खासगी यंत्रवाल्याने ‘आमचे मशीन शंभर टक्के अचूक’ असे सांगितले, तर त्यालाही कोरड्या बोअरची यादी मागितली पाहिजे. यंत्राला पडदा आणि तारा आहेत म्हणून ते विज्ञान ठरत नाही.

हीच चौकट इतरत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकांत क्लासचे फलक लागतात आणि त्यांवर ओळीने गुणवंतांची छायाचित्रे असतात. ते पहिले घर. क्लासमध्ये एकूण किती मुले होती, त्यांतली किती मागे पडली, आणि प्रवेशपरीक्षा घेऊन मुळातच हुशार मुले निवडली होती का, हे फलकावर नसते. फी भरण्यापूर्वी तेवढे विचारावे. सर्दीवरच्या औषधाचेही तेच: औषध न घेणाऱ्यांची सर्दीसुद्धा बहुधा आठवड्याभरात बरी होते.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत मात्र दोषांची गुंफण वेगळी असते. गणवेशातला माणूस पडद्यावर दिसतो, म्हणून त्याचा अधिकार खरा वाटतो. आणि ‘आत्ता पैसे भर, नाहीतर अटक’ असे दोनच पर्याय समोर ठेवून फोन बंद करून घरच्यांशी बोलण्याचा तिसरा पर्याय दृष्टीआड केला जातो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही आणि तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, ही माहिती उपयोगी आहेच. पण ‘हे दोनच पर्याय आहेत का?’ हा प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडला आहे, तो उद्याच्या नव्या नावाच्या फसवणुकीतूनही वाचण्याची शक्यता अधिक.

“एवढी चिकित्सा करत जगायचे कसे?”

प्रत्येक गोष्टीची अशी उलटतपासणी करावी, असे कोणी म्हणत नाही. भाजीवाल्याने ‘मेथी आजचीच आहे’ म्हटले तर ते मानून पुढे जावे. चुकले तर नुकसान एका जुडीचे. चिकित्सा किती करायची हे चुकण्याच्या किमतीवरून ठरवावे, आणि बोअर, औषधोपचार, कर्ज, मुलांचे शिक्षण, एखाद्या माणसावरचा आरोप या ठिकाणी ती किंमत मोठी असते. ‘नारळ फोडण्याने बिघडते काय?’ असे विचारणाऱ्यांनी नारळाचा नव्हे, तर त्याच्या भरवशावर खोदल्या जाणाऱ्या प्रत्येक फुटाचा हिशेब धरावा. ३०० फूट कोरडे गेल्यावर ‘आता एवढे घातलेच आहेत तर आणखी शंभर’ असे मन म्हणू लागते. गेलेला पैसा परत येणार नसतो. पुढच्या शंभर फुटांचा निर्णय पुढे पाणी लागण्याची शक्यता किती, एवढ्यावरच घ्यायचा असतो.

गावाने ठरवले तर याची तपासणी फारशा खर्चाशिवाय होऊ शकते. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी आणि गावातल्या प्रत्येक नव्या बोअरसाठी गट क्रमांक, जागा कोणी आणि कशाच्या आधारे दाखवली, किती फुटांवर किती पाणी लागेल असे सांगितले, प्रत्यक्षात खोली किती गेली आणि पाणी किती लागले, एवढे रकाने भरावेत; कोणालाही न विचारता घेतलेले बोअर आणि कोरडे गेलेले बोअर त्यातून वगळू नयेत. पहिले तीन रकाने गाडी सुरू होण्याआधी, पाणाड्याच्या किंवा सर्वेक्षकाच्या सहीनिशी भरलेले असावेत.